मधल्या पिकअपच्या नावाखाली साडेसात हजारांना गंडवलं

माझ्या टेलिकास्टरला, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारला, मधला पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग) बसवायचा होता. नेरूळ स्टेशनबाहेर हातात घेऊन, मल्टिमीटर लावून घेतला, तरी फसलो. पिकअपचे ७,५००, पिकअप निवडायच्या फाइव्ह-वे स्विचचे ६५०, पिकगार्ड (गिटारवरची संरक्षक पट्टी) कापून बसवायचे १,२००. एकूण ९,३५० रुपये पाण्यात.

विकणाऱ्याचा दावा: अल्निको ५ (चुंबकाचा मिश्रधातू), आरडब्ल्यूआरपी. आरडब्ल्यूआरपी म्हणजे कॉइलचं वाइंडिंग उलटं आणि चुंबकही उलटा, त्यामुळे शेजारच्या पिकअपबरोबर लावला की हम, म्हणजे विजेची घुरघुर, जाते. मीटरवर ५.९ किलोओहम आलं. सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्या पिकअपला) आकडा अगदी बरोबर, पण त्यावरून कॉइल तुटलेली नाही एवढंच कळतं. चुंबक कोणता ते मीटर सांगत नाही. तळाला काळी टेप होती. "ओलावा लागू नये म्हणून," म्हणे. तिथेच ती सोलायला हवी होती! अल्निकोच्या सिंगल कॉइलमध्ये सहा दांड्या हेच चुंबक, तळाला त्यांची टोकं उघडी दिसतात. इथे टेपखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर साधे पोलादी पोल (तारांखालच्या दांड्या). हे मला माहीत नव्हतं असं नाही. "दुसरं गिऱ्हाईक सात वाजता येतंय" म्हणून त्याने घाई केली. घाई करणाऱ्याकडून काही घेऊ नका.

दुसरी लबाडी त्याहून वाईट. चुंबकाची दिशा बाकी पिकअपसारखीच, फक्त वायरींचे रंग अदलाबदल केलेले. हम गेला, पण तारांचे सिग्नलही एकमेकांना खातात: आवाज बारीक, नाकात बोलल्यासारखा, खर्ज गायब. होकायंत्र पोलवर धरा. शेजारच्या पिकअपवर सुईचं जे टोक ओढलं जातं, मधल्यावर त्याच्या उलट टोक ओढलं गेलं पाहिजे. आधी आपले नेक (मानेकडचा) आणि ब्रिज (तारांच्या खालच्या टोकाकडचा) हे पिकअप तपासा. बऱ्याच नव्या टेलिकास्टरमध्ये तेच एकमेकांच्या उलट असतात, मग मधला कुठलाही घ्या, त्याच्या दोन जोड्यांपैकी एकीतच हम जाणार.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. 'पिकअप' म्हटल्यावर आधी गाडीचा नंबर विचारला. मग, "वस्तू मिळाली ना? दिवाणी भानगड आहे." अहो, खोटं सांगून माल गळ्यात मारणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. विकणाऱ्याची जाहिरात तोवर गायब. तिचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा. अर्ज लेखी द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. मला ती तिसऱ्या खेपेला मिळाली.