प्रोबेशनची नोंद: फ्लोरिडात उघडी, आपल्याकडे अर्धी झाकलेली

फ्लोरिडात प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर, असलेल्या माणसाचं नाव तिथल्या तुरुंग खात्याच्या संकेतस्थळावर टाका. फोटो, गुन्हा, सगळं समोर. पीडितेला त्याचा उपयोग होतो, पण घरमालकाला आणि जुन्या वैऱ्यालाही तेच दिसतं.

आपला १९५८ चा परिवीक्षा, म्हणजेच प्रोबेशनचा, कायदा मला त्यापेक्षा शहाणा वाटतो. परिवीक्षा अधिकारी घरी जाऊन चौकशी करतो, स्वभाव, संगत, कमाई टिपतो. तो अहवाल कलम ७ नुसार गोपनीय. न्यायालयाला वाटलं तर त्यातला सारांश दोषी व्यक्तीला कळवता येतो. कलम १२ तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही टाळतं. निकालपत्र मात्र ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावासकट सापडू शकतं. म्हणजे कपाटाला कुलूप, खिडकी सताड उघडी!