इअरफोन आधी, प्लेअर नंतर: तीन पर्यायांवर चार महिने ऐकल्यावर

माझ्या कपाटात साडेतीनशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक ख्यालगायनाच्या आणि काही नाट्यसंगीताच्या. गेल्या दोन पावसाळ्यांत त्यांतल्या काहींवर बुरशीचे ठिपके दिसू लागले, तेव्हा मी त्या सगळ्या फ्लॅक स्वरूपात संगणकावर उतरवून घेतल्या. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला १४११ किलोबिट इतकी जागा घेतो; फ्लॅकमध्ये तीच माहिती, एकही बिट न गमावता, साधारण निम्म्या जागेत बसते, त्यामुळे सगळा संग्रह नखाएवढ्या २५६ जीबीच्या कार्डात मावून वर जागा उरली. हे कार्ड कशात घालून ऐकायचे, एवढाच प्रश्न राहिला. इअरफोन माझ्याकडे होते, प्रत्येक बाजूला तीन बारीक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) असलेले, कानात खोल बसणारे, आणि ते बदलण्याची इच्छा नव्हती. तेव्हा प्लेअर त्यांना साजेसा हवा, ही पहिली आणि जवळजवळ एकमेव अट ठरली. पर्याय तीन पाहिले: फोन आणि डोंगल, शॅनलिंगचा एम० प्रो, आणि सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानात प्रथम चौकशी केली, तिथल्या विक्रेत्याने खोक्यावरचे आकडे वाचून दाखवले: ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, शेकड्यांनी मिलिवॅट. त्याला बोल लावता येणार नाही, खोक्यावर तेवढेच छापलेले असते. परंतु सीडीचा ध्वनी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा) असतो, आणि १६ बिटांत सर्वांत हलक्या व सर्वांत मोठ्या आवाजामधले सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावते. जुन्या मैफलींच्या फितींवर मुळातच इतकी सुरसुर असते की ही जागा कधी पुरती भरतच नाही. ताकदीचा हिशेब तर आणखी सोपा आहे. एका मिलिवॅटला ११० डेसिबल आवाज देणारा इअरफोन ८० डेसिबलवर ऐकायचा असेल, तर त्याला मिलिवॅटचा हजारावा भाग पुरतो. तिहाईच्या शेवटचा जोरकस ठोका त्याहून २० डेसिबल वर गेला, तरी दहाव्या भागाच्या पुढे काम जात नाही. (आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे, हेही येथे नोंदवून ठेवतो.) सोनीच्या एनडब्ल्यू-ए३०६ या वॉकमनची ताकद १६ ओहमला (ओहम हे विद्युत अडथळ्याचे माप) प्रत्येक बाजूस ३५ मिलिवॅट आहे हे वाचून अनेक जण नाक मुरडतात. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा, जास्त जोर मागणारा मोठा हेडफोन वापरणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. इअरफोनवाल्यांनी त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

काळजी करायची ती वेगळ्याच आकड्याची, आणि तो खोक्यावर क्वचितच सापडतो: प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे इअरफोनकडे जाणाऱ्या विजेला प्लेअरच्या आतच होणारा अडथळा. एकाहून अधिक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा राहत नाही. खर्जाला एक असतो, तार सप्तकात दुसरा. समजा तो एका ठिकाणी १० ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ४० ओहम आहे. प्लेअरचा इम्पीडन्सही १० ओहम असेल, तर पहिल्या ठिकाणी निम्मा व्होल्टेज प्लेअरमध्येच अडकतो आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ पाचवा हिस्सा. म्हणजे त्या दोन सुरांच्या आवाजात मुळात नसलेला चार डेसिबलचा फरक पडतो. तोच प्लेअर १ ओहमचा असेल, तर हा फरक अर्ध्या डेसिबलच्या किंचित वर राहतो. श्युअरच्या एसई८४६ सारख्या ९ ओहमच्या इअरफोनबद्दल कोणी ‘आवाज उबदार आहे’ आणि कोणी ‘आवाज टोचतो’ असे म्हणत असेल, तर दोघांचे कान शाबूत असू शकतात आणि प्लेअर मात्र निरनिराळे असतात. प्लेअरचा इम्पीडन्स इअरफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, हा जाणकारांमध्ये रुळलेला ठोकताळा मला व्यवहारात पुरेसा वाटला. ज्यांच्या इअरफोनमध्ये प्रत्येक बाजूला एकच डायनॅमिक (कॉइलने पडदा हलवणारा, नेहमीचा) ड्रायव्हर आहे, त्यांचा इम्पीडन्स बहुधा सपाट असतो, म्हणून त्यांनी हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

तुलना करताना एक पथ्य मी कसोशीने पाळले. अर्धा डेसिबल जरी मोठा वाजला, तरी तोच प्लेअर ‘अधिक मोकळा, अधिक जिवंत’ वाटू लागतो, आणि कानाने आवाज जुळवू म्हटले तर फसगत ठरलेली. म्हणून १०० हर्ट्झचा एकसुरी ध्वनी वाजवून, इअरफोन जोडलेला ठेवून, साध्या मल्टिमीटरने जॅकवरचा एसी व्होल्टेज मोजला आणि तिन्ही पर्याय जितके जमतील तितके एका पातळीवर आणले. हे केल्यावर पूर्वी लिहून ठेवलेली माझी निम्मी निरीक्षणे मला खोडावी लागली. परीक्षेसाठी तंबोऱ्याइतके चांगले साधन दुसरे नाही: षड्जाच्या तारेवर जव्हारी नीट लागलेली असली की वरचे स्वर एकामागून एक उमलतात, आणि प्लेअर वरच्या टोकाला जरा जरी कमी-जास्त करत असेल, तर तो झंकार एक तर मळकट होतो किंवा पत्र्यासारखा वाजतो. डग्ग्यावरची मनगटाची घसट हे खालच्या टोकाचे तेवढेच चोख माप आहे.

पहिला पर्याय होता घरातला अँड्रॉइड फोन आणि त्याला जोडायचा करंगळीएवढा यूएसबी-सी डोंगल, म्हणजे फोनमधला डिजिटल ध्वनी इअरफोनसाठी रूपांतरित करणारा जोड. खर्चाच्या मानाने त्याचा आवाज इतका स्वच्छ निघाला की पुढचे दोन पर्याय पाहायचे तरी कशाला, असे वाटून गेले. अँड्रॉइड बहुतेक वेळा ४४.१ किलोहर्ट्झचा ध्वनी ४८ मध्ये बदलून पुढे पाठवतो, या गोष्टीवर पुष्कळ शाई सांडलेली आहे. पातळी जुळवून ऐकल्यावर मला तो फरक ओळखता आला नाही. अडचण आवाजाच्या पायऱ्यांची आली. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत त्या १५ असतात, आणि रात्री एक वाजता संवेदनशील इअरफोन लावून ऐकताना दुसरी पायरी कमी पडते व तिसरी जास्त होते. शिवाय मारव्याचा आलाप रंगात आलेला असताना बँकेचा संदेश टुणकन वाजतो तो वाजतोच, आणि खिशात फोनसोबत लोंबणारा डोंगल तीन महिन्यांत एका बाजूने मुका झाला.

शॅनलिंगचा एम० प्रो हा काडेपेटीपेक्षा फारसा मोठा नसलेला प्लेअर आहे. १.५४ इंचांचा पडदा, आत डिजिटल ध्वनीचे रूपांतर करणाऱ्या ईएसएस कंपनीच्या दोन ईएस९२१९सी चिप, स्वतःची साठवण शून्य, सगळे काही कार्डावर. वायफाय नाही, म्हणून ऑनलाइन संगीत ऐकणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहू नये. आवाजाबद्दल मला काही कमी-जास्त सांगायचे नाही: इअरफोन लावून काही न वाजवता बसल्यावर पाठीमागे सूंऽ असा बारीक आवाज येत नाही, तंबोरा जसा हवा तसा येतो, आणि आवाजाचे फिरते बटण खिशात हात घालून चाचपडत फिरवता येते. सकाळी फिरायला जाताना यापेक्षा सोयीचे काही नाही. मात्र साडेतीनशे सीडींतून हवा तो राग एवढ्याशा पडद्यावर बोटाने शोधणे, तेही चष्मा घरी राहिला असता, हे माझ्या वयाला झेपणारे काम नव्हे.

ए३०६ मध्ये अँड्रॉइड आहे, पडदा ३.६ इंचांचा आहे आणि वजन ११३ ग्रॅम. आतल्या ३२ जीबीपैकी बराच भाग प्रणालीच खाते, पण कार्डाची खाच असल्यामुळे माझे अडले नाही. ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक (डाव्या-उजव्या बाजूंच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारा) यात नाही आणि केवळ त्यासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात. बॅलन्स्ड जोडणीने मिळते ती मुख्यतः जास्त ताकद, आणि ताकदीचा हिशेब वर केलेलाच आहे. आवाजाच्या पायऱ्या १२० आहेत, त्यामुळे रात्रीची ती अडचण पार संपली. कंपनी फ्लॅकसाठी ३६ तासांची बॅटरी सांगते, ती वायफाय बंद ठेवून फक्त तिच्याच अॅपवर ऐकणाऱ्यासाठी.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच परीक्षणात मला वाचायला मिळाल्या नव्हत्या आणि त्यांनीच माझा निर्णय केला. माझ्या कित्येक सीडींवर विलंबित आणि द्रुत हे वेगवेगळे ट्रॅक असले, तरी गाणे अखंड चालू असते. मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली, की तंबोरा तुटतो आणि सगळी समाधी मोडते. ए३०६ वर तो सांधा कुठे आहे हे कानाला कळत नाही. दुसरी गोष्ट देवनागरीची. मधल्या काळात मी एक स्वस्त प्लेअर मागवून परत केला होता, कारण त्यावर ‘विलंबित’ हा शब्द ‘वलिंबति’ असा उमटत असे, जोडाक्षरांच्या जागी चौकोन येत, आणि त्यातून भैरव व भैरवी वेगळे काढताना रोज चिडचिड होई. अँड्रॉइडवर आधारित प्लेअरला हा रोग नसतो. दुकानात जाताना आपलेच इअरफोन, आपलेच कार्ड आणि त्यात देवनागरी नावांच्या पाच-सहा फाइली जरूर न्याव्यात. आधी काही न वाजवता मिनिटभर नुसते ऐकावे, मग दोन ट्रॅकमधला सांधा ऐकावा.

मी ए३०६ ठेवून घेतला. एम० प्रो धाकट्या भावाने मागितला आणि पैसे देऊन नेला. त्याच्याकडे तीसच सीडी आहेत.