जुना मेल सर्व्हर बायबॅकमध्ये देताय? आधी डिस्कवरचा नंबर बघा

आमचं आंबा पल्पचं युनिट आहे, रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत. मी हिशेब बघतो आणि कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात. त्यावर एक्सचेंज २०१६, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर होतं, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपणार होता, त्यात पावसात लाईट गेली की यूपीएस किंचाळायचा आणि मेल बंद, म्हणून मालकांनी मेल क्लाउडवर न्यायचं ठरवलं. ते काम एका व्हेंडरनं केलं आणि खोटं कशाला बोलू, चांगलं केलं. फसवलं ते नंतर.

मे महिना, आंब्याचे क्रेट गेटपर्यंत लागलेले, कुणाला मान वर करायला फुरसत नाही, नेमका तेव्हाच हा आला. म्हणाला, साहेब जुना सर्व्हर पद्धतशीर रिटायर करू, एक्सचेंज अनइन्स्टॉल, डिस्क वाइप, वर डेटा पुसल्याचं सर्टिफिकेट, सगळ्याचे ६५ हजार, आणि मशीन मी १० हजारात बायबॅक करतो. म्हटलं ने बाबा. दोन पोरं आली, वायरी उपटल्या, मशीन गाडीत टाकलं, २० मिनिटांत खेळ खल्लास. कीबोर्डला कोणी हात लावला नव्हता हे मी बघितलं होतं, तरी गप्प बसलो.

मग जूनपासून रोज सकाळी आउटलुक जुन्या सर्व्हरचं नाव दाखवून पासवर्ड मागायला लागलं. हा म्हणे नेट स्लो आहे. नेट नव्हे हो, अनइन्स्टॉल केलंच नव्हतं म्हणून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटर आणि युजरच्या नोंदवहीत, सर्व्हरची नोंद तशीच होती आणि ऑफिसातले पीसी ऑटोडिस्कव्हरसाठी, म्हणजे मेल सर्व्हर कुठला हे आपोआप शोधायला, आधी तिथंच जात होते. हे मला खूप नंतर कळलं.

नारळी पौर्णिमेच्या आसपास कोल्हापूरवरून एका मुलाचा फोन. "काका, मी सेकंड हॅन्ड हार्डडिस्क घेतली, त्यात तुमच्या कंपनीचे मेल दिसतायत, नंबर त्यातूनच मिळाला." साधं फॉरमॅटसुद्धा मारलेलं नव्हतं! मेल क्लाउडवर नेताना काढलेल्या पीएसटी फायलींचा (एकेकाचा सगळा मेल एका फायलीत) आख्खा फोल्डर तिथं पडलेला, पासवर्ड नाही काही नाही, कुठल्याही आउटलुकमध्ये उघडतो. परदेशी गिऱ्हाइकांचे पासपोर्ट, कॅन्सल चेक, पगारपत्रकं आणि मालकांच्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणयादी, ती ऑफिसच्या मेलवरून फिरवायची हौस कोणाला होती ते लिहीत नाही.

फाईलमधलं सर्टिफिकेट काढलं. गोल शिक्का, सही, झकास. दोन डिस्क, आणि दोन्हीपुढे एकच सीरियल नंबर. दोन डिस्कचा नंबर एक असेल कसा? मी तेव्हा वाचलंच नव्हतं, पंच मारून फायलीत लावलं होतं. व्हेंडरला फोन केला तर "पोरांकडून राहिलं असेल साहेब", आणि मग फोन उचलणंच बंद.

आता आम्ही कुठलंही मशीन देताना डिस्क आधीच काढून घेतो, स्क्रू चारच असतात. एसपीएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीत, जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता अजून होता तोही काढला.

त्या मुलानं डिस्क कुरिअरनं परत पाठवली, पैसे घेईना, दोन डझन हापूसचं पुढच्या सीझनचं कबूल केलंय. तिच्यावरचा नंबर सर्टिफिकेटवरचा नव्हताच. वर्कशॉपमध्ये नेऊन तिला ड्रिल मारलं. पण सर्व्हरला मिररिंग होतं, म्हणजे तोच सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवरही आहे, आणि ती अजून सापडलेली नाही.