कंबरमोडीवरची ती मधमाशी नाही: आयनॅचरलिस्ट अ‍ॅप कितपत कामाचं?

पाऊस ओसरला की नागपूरच्या सेमिनरी हिल्स, गोरेवाडा या भागात तरोटा, कुर्डू, कंबरमोडी फुलून येते. त्यावर हवेत एका जागी तरंगणारा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा जो किडा दिसतो, त्याला सर्रास मधमाशी म्हणतात. बऱ्याचदा ती होव्हरफ्लाय असते, म्हणजे माशीच. तिला नांगी नसते. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा ही पिकावरची कीड खातात, त्यामुळे संत्र्याच्या बागेत फवारणीआधी तिची ओळख पटलेली बरी.

फोटोवरून किडे, झाडं ओळखायला मदत करणारं आयनॅचरलिस्ट फुकट आहे, जाहिराती नाहीत. मात्र फोटो जसा, तसं उत्तर. वरून, बाजूनं आणि समोरून असे तीन फोटो एकाच नोंदीत टाका. सकाळी ऊन चढायच्या आत किडे जरा सुस्त असतात. टाकण्याआधी फोटो कापून किडा मोठा करा, नाहीतर अ‍ॅप फुलाचंच नाव सांगून मोकळं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत जागेची माहिती उरत नाही. मूळ फोटोच वापरा.

पंख मोजण्यात बरेच जण फसतात. माशीला पंखांची एकच जोडी, मधमाशीला दोन; पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून फोटोत एकच जोडी वाटते. आधी मिशा बघा. होव्हरफ्लायच्या आखूड, जेमतेम दिसणाऱ्या. मधमाशीच्या लांब, कोपरासारख्या वाकलेल्या. मागच्या पायावर परागाचा गोळा दिसला तर मधमाशीच.

अ‍ॅपनं सुचवलेलं पहिलंच नाव डोळे मिटून निवडू नका. ज्या जातींचे पुरेसे फोटो अ‍ॅपला शिकवलेले नाहीत, त्यांच्या जागी ते जवळचं दिसणारं नाव पुढे करतं, आणि आपल्याकडच्या लहान माश्यांबाबत हे हमखास घडतं. होव्हरफ्लायच्या ‘सिर्फिडी’ या कुळावर थांबणं प्रामाणिकपणाचं. डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे स्पष्ट असतील तर त्यातल्या इरिस्टॅलिनस या प्रजातीपर्यंत (जिनस) जाता येतं. पुढचं काम जाणकारांवर सोडा. ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जण जातीवर सहमत झाले की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ (संशोधनात वापरण्याजोगी) होते. इथेच खरी मेख आहे: ओळखीतल्या एकानं न बघता ‘अ‍ॅग्री’ दाबलं, तरी चुकीचं नाव पक्कं होऊन बसतं.

मुलांसोबत नुसतं फिरायचं असेल तर आयनॅचरलिस्टवाल्यांचंच ‘सीक’ हे अ‍ॅप घ्या. त्याला खातं उघडावं लागत नाही.