कोंबुचाची खोली: माल नापास व्हावा अशीच बांधून देतात

सोलापुरात पूर्व भागातल्या कित्येक घरांच्या मागं एक खोली नुसती पडून असते. एकेकाळी तिथं माग चालायचा, आता अडगळ असते. अशा खोल्या हेरून 'घरच्या घरी ब्रुअरी' विकणारी मंडळी फिरतात. ऑफर साधारण अशी: खोली आम्ही कोंबुचासाठी, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पेयासाठी, तयार करून देऊ, टाक्या आमच्या, मदर (चहाचं विरजण) आमची, आणि तयार माल ठरलेल्या भावानं पाच वर्षं आम्हीच उचलू. अशाच एका पॅकेजमध्ये एका घराचे सव्वाचार लाख गेले. दहा बाय चौदाची ती खोली आणि करार शेजारी ठेवून पाहिल्यावर जे दिसतं ते इथं मांडलं आहे.

'माल उचलण्याची हमी खोटी असते' हे कुणीही सांगेल. मशरूम, अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, सगळीकडं तीच बोंब आहे. इथली मेख वेगळी आहे. करार वरवर अगदी वाजवी वाटतो, आणि त्यातल्या अटीत बसणारा माल त्या खोलीत तयारच होऊ शकत नाही. नाही म्हणायचं कारण आधी बांधतात, मग माल मागतात.

अट वाचा: अल्कोहोल ०.५ टक्क्याच्या आत, आणि 'तपासणी माल आमच्या गोदामात पोचल्यावर'. गोदाम पुण्याजवळ. पहिल्या अर्ध्या वाक्यात खोट काढता येत नाही, कारण एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल गेलं की ते पेय मद्यात मोडतं. गोम दुसऱ्या अर्ध्यात आहे.

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवणं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि अॅसिटिक बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. या बॅक्टेरियाला हवा लागते, यीस्टला लागत नाही. हवा तोडली की यीस्टचं काम चालू राहतं, बॅक्टेरियाचं थांबतं, आणि अल्कोहोल साठत जातं. लिटरमागं फक्त ८ ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली तरी सुमारे अर्धा टक्का अल्कोहोल तयार होतं. बाटलीत भरताना द्रवात याच्या कितीतरी पट साखर शिल्लक असते. आता ती बाटली एप्रिलात, चाळीस अंशात, साध्या टेम्पोतून अडीचशे किलोमीटर पाठवा. निघताना पास असलेला माल पोचेपर्यंत नापास होऊ शकतो. कोल्ड चेनची जबाबदारी करारात 'उत्पादकाची', म्हणजे तुमची.

पण माल निघण्याआधीच घात झालेला असतो, तो टाकीत. या खोलीत २०० लिटरच्या दोन उंच, शंकूच्या बुडाच्या, झाकणबंद टाक्या बसवल्या होत्या. वर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप), खाली व्हॉल्व्ह, बाहेरून चकचकीत पॉलिश. ही बिअरची टाकी आहे. बिअरमध्ये हवा नकोच असते. कोंबुचाला उलट हवं: रुंद तोंड, उथळ द्रव, वर फक्त कापड. द्रवाची खोली फूट-सव्वा फुटाच्या आत ठेवली तर काम नीट होतं. उंच बंद टाकीत वरचा थर आंबट होतो, खालचा यीस्टी राहतो आणि एकंदर अल्कोहोल वाढतं. कोंबुचा जाणणारा माणूस कोटेशनमधलं टाकीचं चित्र पाहूनच उठून जाईल. बाकीच्यांना ती टाकी 'प्रोफेशनल' वाटते.

पोलादाचं तर विचारूच नका. टाकी दाखवताना विक्रेता खिशातून चुंबक काढतो, पत्र्याला लावतो, चुंबक घसरून खाली पडतं. "बघा, चिकटत नाही. तीनशे चार आहे." समोरचा मान डोलावतो. ३०४ ही स्टेनलेस स्टीलची चांगली ग्रेड, पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या वर असतं. २०२ मध्ये ते चार ते सहा टक्के असतं आणि स्वस्तात भागवायला मँगनीज साडेसात ते दहा टक्के घातलेलं असतं. पीएच ३ च्या, म्हणजे चांगल्याच आंबट द्रवात २०२ टिकत नाही. आधी वेल्डिंगच्या कडेला तपकिरी रेघ येते, मग चवीला लोखंड लागतं. भंगार बाजारात आणि फॅब्रिकेशनच्या दुकानात मँगनीज तपासण्याचं द्रावण मिळतं. थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट दिला की २०२ वर तो लाल होतो. सोबत मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा दाखला) मागा, आणि त्यावरचा हीट नंबर (त्या ओताचा क्रमांक) पत्र्यावरच्या छापाशी जुळतो का ते टाकी तयार होण्याआधी बघा. पॉलिश झाल्यावर छाप उरत नाही. खरं तर घरगुती प्रमाणाला पोलाद लागतच नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या किंवा फूड ग्रेड प्लास्टिकचे उथळ पिंप पुरतात, आणि खर्च फार कमी येतो.

आता खोली. कोंबुचाला २४ ते २९ अंश लागतात. तिशीच्या वर यीस्ट सुसाट सुटतं आणि चव शिरक्याकडं जाते. सोलापुरात मार्चअखेरपासून पाऊस येईपर्यंत पत्र्याखालच्या खोलीत भर दुपारी उभं राहवत नाही, त्यामुळं इन्सुलेशन हीच खर्चाची मुख्य बाब, आणि चोरीचीही. कोटेशनमध्ये '६० एमएम पफ पॅनल' होतं, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा फेस. चारही भिंतींना पॅनल लागलं. छताला मात्र पत्र्याखाली जिप्समची फॉल्स सीलिंग. ऊन वरून येतं हे शाळकरी पोरालाही कळतं, पण पॅनलचं माप 'वॉल एरिया' या शीर्षकाखाली होतं आणि छताची ओळच नव्हती. भिंतीतलं पॅनलही पफचं नव्हतं, आत थर्माकोल होता.

हे तपासायला यंत्र लागत नाही. दाराची चौकट बसवताना पॅनल कापतात, तो तुकडा मागून घ्या. १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन काढा, पत्रा सोलून आतला गाभा सोनाराच्या काट्यावर ठेवा. ६० एमएमच्या, ४० घनतेच्या (घनमीटरला ४० किलो) पफचा तुकडा २४ ग्रॅमच्या आसपास भरतो. हलक्या थर्माकोलचा आठ-दहा ग्रॅम. रंगही सांगतो: पफ पिवळसर आणि एकसंध, थर्माकोल पांढरा आणि दाणेदार. त्या खोलीत वर एक टनाचा एसी लावला होता. छताला पॅनल नसताना तो मेमध्ये दिवसभर घरघरतो आणि खोली तिशीच्या खाली येत नाही. थर्मामीटर भिंतीवर लावून दिला होता, तोही एसीच्या झोताखाली. आकडा द्रवात बुडवून घ्यायचा असतो.

जमिनीचं काम झाकलेलं राहतं म्हणून त्यात सगळ्यात जास्त लबाडी. जुन्या घरात खड्डामाग असायचे. तो खड्डा डबर टाकून बुजवला आणि वर फरशी घातली की वर्षाच्या आत फरशी खचते. मुरूम सहा-सहा इंचाच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा, त्यावर चार इंच काँक्रीट, मग फरशी. आणि शहाबादी नको. ती चुनखडीची असते. कोंबुचा सांडला की आम्ल तिला खातं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यात बुरशी घर करते. व्हिट्रिफाइड टाइल आणि सांध्यात इपॉक्सी भरा. उतार दहा फुटाला दीड इंच, मोरीला पाण्याचा ट्रॅप. बिलात 'इपॉक्सी ग्राउट' असेल तर एका सांध्यावर लिंबू पिळून बघा: साधं सिमेंट फसफसतं, इपॉक्सी नाही. भिंती आणि वासे आधी व्हॅक्यूमनं साफ करून घ्या. मागाच्या खोलीत वर्षानुवर्षांचं सुताचं तूस बसलेलं असतं, आणि ते ओल धरलं की बुरशीला आयतंच.

टाकीवर बांधायला 'इम्पोर्टेड ब्रीदेबल फिल्टर क्लॉथ' म्हणून सहा तुकड्यांचे साडेतीन हजार लावले होते. सोलापुरात! घट्ट विणीचं कोणतंही स्वच्छ सुती कापड चालतं. विरळ मलमल नको, फळमाशी आत जाते. टॉवेलचं कापड नको, त्याचे धागे पडतात.

मदरच्या नावाखाली पुढची लूट चालते. पृष्ठभागावरची ती जाड साय म्हणजे बॅक्टेरियानं विणलेलं सेल्युलोज. खरं काम आधीच्या घाण्याचा, म्हणजे आधी एका वेळी केलेल्या मालाचा, आंबट द्रव करतो. लिटरला ५ ते ८ ग्रॅम चहा, ६० ते ८० ग्रॅम साखर आणि १०० मिली जुना आंबट द्रव घातला, सुरुवातीचा पीएच ४.५ च्या खाली आला, की पुरे. साय नसेल तर आपोआप येते. पाश्चराइज न केलेल्या साध्या कोंबुचाच्या एका बाटलीतून मदर वाढवता येते, आणि मग ती संपत नाही. 'दर सहा महिन्यांनी नवी मदर कंपनीकडूनच घ्यावी, अन्यथा खरेदीची हमी रद्द' असं कलम दिसलं तर कागद तिथंच परत करा.

त्यांच्या माहितीपत्रकात २०० लिटर पाणी एकदम उकळून त्यात मदर घालायची पद्धत दिली होती. एवढं पाणी मे महिन्यात रात्रभरातही पुरतं निवत नाही आणि गरम चहात मदर मरते. पाचव्या हिश्शाच्या पाण्यात कडक चहा करावा, साखर विरघळवावी, उरलेलं पाणी थंड घालावं, आणि ३० अंशाच्या खाली आल्यावरच जुना द्रव. नळाचं पाणी क्लोरिनचं असतं, उकळलं किंवा दिवसभर उघडं ठेवलं की चालतं. बोअरचं पाणी मात्र टाळा. त्यातला क्षार आम्लाला मारतो, पीएच खाली यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बुरशीला संधी मिळते. आरओ घ्या. पीएच मीटरसोबत तो जुळवून घ्यायची ४ आणि ७ ची बफर द्रावणं नसतील तर त्या मीटरचा आकडा म्हणजे अंदाजपंचे.

एक गोष्ट सहसा कुजबुजत सांगितली जाते: "याच टाकीत बिअरपण होते, परवाना आम्ही काढून देतो." हजार रुपयांचा आजीव परवाना दाखवतातही. तो विकत घेऊन पिण्याचा परवाना आहे, बनवण्याचा नाही. महाराष्ट्रात घरी बिअर गाळायला परवाना मिळत नाही. दारूबंदी कायदा १९४९ प्रमाणे तो गुन्हा आहे. हे आमिष मुद्दाम असतं. माल्ट आणि हॉप्सची एक पिशवी पॅकेजसोबत 'भेट' येते, कोपऱ्यात पडून राहते, आणि पुढं तक्रारीची भाषा केली की तिचीच आठवण करून दिली जाते. पिशवी घेऊच नका.

पैसे देण्याआधी कागद कसे तपासायचे ते थोडक्यात. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळवा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का म्हणजे सह्या समोर झाल्या एवढंच. मजकुराची हमी कुणी घेत नाही. चाचणी कुणी करायची ते करारात नाव घालून लिहून घ्या: एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅब, नमुना तुमच्या दारात दोघांच्या सहीनं सील केलेला, एक नमुना तुमच्या फ्रिजमध्ये. या घराला आलेला 'नापास' रिपोर्ट कंपनीच्याच लेटरहेडवर होता. एनएबीएलचं चिन्ह नाही, यूएलआर नंबर (मान्यतेच्या लॅबच्या रिपोर्टवरचा खास क्रमांक) नाही. 'सबसिडीची फाइल करून देतो' म्हणून पंधरा हजार घेतले होते. पीएमईजीपीचा (केंद्राच्या स्वयंरोजगार कर्ज-सबसिडी योजनेचा) अर्ज पोर्टलवर फुकट भरता येतो, आणि सबसिडी हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहते. घरगुती मीटरवर हा धंदा चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. हे विक्रेता कधीच सांगत नाही.

हप्ते असे पाडा की छताचं पॅनल वजन करून झाल्याशिवाय तीस टक्क्यांच्या वर रक्कम जाणार नाही, आणि शेवटचे वीस टक्के पहिला घाणा लॅबमधून पास झाल्यावर. खोटा माणूस या अटीवर लगेच 'ऑफर उद्या संपते' म्हणतो.

पैसे अडकलेच असतील तर: ऑनलाइन दिले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात निघून जाते. फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलीस ठाण्यात. करारात 'न्यायकक्षा पुणे' लिहिलं असलं तरी ग्राहक आयोगात सोलापुरातच तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात दाद मागायची सोय आहे. मुदत दोन वर्षांची. समोरचा वकील 'हा धंद्यासाठीचा व्यवहार, हे ग्राहकच नाहीत' म्हणणार, म्हणून तक्रारीतच लिहा की हा स्वयंरोजगार उपजीविकेसाठी होता. टाक्या आणि पॅनल निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नका. वेल्डिंगवरची तपकिरी रेघ, छताचा पॅनल नसलेला भाग आणि काट्यावरचा तो तुकडा यांचे फोटो तारखेसह काढा, आणि एक टाकी शासनमान्य लॅबमधून ग्रेडसाठी तपासून घ्या. कोटेशनमधलं '३०४' आणि रिपोर्टमधलं '२०२' एकाच फाइलला लावा.