कॅज्युअल्टीतलं वृद्ध-छळ तपासणीचं सॉफ्टवेअर : आधी ओटीपी काढा, मग बिल पाठवा

वर्षाचं बिल आलंय आणि वरून आम्हा सिस्टरांचं मत मागितलंय, म्हणून लिहिते. बेळगावातल्या आमच्या कॅज्युअल्टीत हे पावसाळ्यापासून चालू आहे. त्यात ईएएसआयचे, म्हणजे वृद्धांचा छळ होतोय का याचा संशय तपासणाऱ्या प्रश्नावलीचे, सहा प्रश्न आहेत : पाच पेशंटला विचारायचे, सहावा डॉक्टरांनी स्वतः बघून भरायचा.

प्रश्न चांगलेच आहेत. मी ते साध्या मराठीत विचारते, खानापूर-चंदगडकडच्या आज्ज्यांना बरोबर कळतात. पण नोंद उघडायला ओटीपी लागतो आणि तो जातो मुलाच्या मोबाइलवर! आज्जीकडे कुठला फोन? ज्याला मुद्दाम बाहेर बसवलं, त्यालाच आत बोलावून आकडा विचारायचा. तो आला की आज्जी गप्प. मग ‘छळ नाही’ अशी नोंद पडते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, साठीपुढच्या सहांतल्या एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो. आमच्या महिन्याच्या तक्त्यात मात्र सगळं आलबेल. त्या तक्त्यावर उद्या कुणी विश्वास ठेवला तर? डिस्चार्जचा मेसेजही त्याच नंबरवर. कंपनी म्हणते, सुरक्षेसाठी आहे. कुणाच्या सुरक्षेसाठी?

दिवाळीपर्यंत माझं मत एकच होतं, बंद करा हे. मग आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोराने केस पेपर नंबरवरून जुन्या नोंदी बघायची सोय करून दिली आणि मत बदललं. एका आज्जींच्या ‘पाय घसरून पडल्या’ अशा नोंदी एकाखाली एक दिसल्या. घसरलेल्या माणसाचं बहुधा मनगट, खुबा, गुडघा दुखावतो. इथे जबडा, मान, दंडाच्या आतल्या बाजूला वळ, आणि दर वेळी दुखापत जुनी झाल्यावर आणलेलं. प्रत्येक वेळी ड्युटीवर डॉक्टर वेगळे. सुट्या कागदांवरून हे कुणाच्या लक्षात येणार? त्या दिवशी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, झाली.

आज्जी महाराष्ट्रातल्या, मुलगा बेळगावात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे पोटगीचा अर्ज आई राहते त्या जिल्ह्यात चालतो, मुलगा राहतो तिथेही चालतो. सीमेवर ही माहिती स्क्रीनवरच हवी, सोबत 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन. सध्या आम्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय.

एवढे पैसे मोजायचेच असतील तर ओटीपी आणि मेसेज दोन्ही बंद केल्याचं कंपनीकडून लेखी घ्या. नाहीतर जुन्या नोंदी केस पेपर नंबरने लावायला साधी एक्सेल पुरते, ती आम्ही फुकटात सांभाळू.