आत्याच्या नसांचं दुखणं: न्यूरोलॉजिस्ट, पेन क्लिनिक की थेट मुंबई?

इंदूरात घरातल्या कुणाचं नसांचं दुखणं महिनोन्‌महिने चाललं की सल्ल्यांना तोटा नसतो. रामबागेतले काका एमवाय या सरकारी हॉस्पिटलचं नाव घेतात, सुदामानगरच्या मावशी खासगी पेन क्लिनिकचं, आणि डोंबिवलीचा भाचा फोनवर सांगतो, "रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस पकडा आणि इकडे या." तिघांचंही बरोबर असू शकतं. कुणाचं ऐकायचं हे आधी दुखण्याच्या जातीवर ठरतं, डॉक्टरच्या नावावर नंतर.

नसांचं दुखणं सांध्यांच्या दुखण्यासारखं ठणकत नाही. जळजळ होते, करंट लागतो, मुंग्या येतात, जागा बधिर असते तरी दुखते. आमच्या आत्याला नागीण झाली. पुरळ वाळलं, पण बरगडीवरची आग तीन महिन्यांनंतरही गेली नाही. ती गाऊन उलटा घालायची, शिवण अंगाला लागू नये म्हणून. नुसत्या स्पर्शानं असं दुखणं ही ठळक खूण आहे, आणि डॉक्टरला ती आपणहून सांगावी लागते. डीएन4 नावाची दहा गुणांची छोटी प्रश्नावली आहे. त्यात चार किंवा जास्त गुण पडले तर दुखणं नसांचं असण्याची शक्यता बरीच. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकनं अशा दुखण्याला सहसा फरक पडत नाही, म्हणून "इतक्या गोळ्या खाल्ल्या, काही उपयोग नाही" हे ऐकून नवल वाटू नये.

माझ्या मते पहिला मुक्काम न्यूरोलॉजिस्टचा. दुखतं कशामुळे हे तो शोधतो: मधुमेह, नागीण, मणक्यात दबलेली नस की बी12 ची कमतरता. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी12 कमी होऊ शकतं आणि ते साध्या रक्त तपासणीत कळतं. एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगानं जातो याची तपासणी, नॉर्मल आली म्हणून दुखणं मनाचं ठरत नाही, बारीक नसांचा बिघाड त्या तपासणीत दिसतच नाही. गोळ्या मुख्यतः प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात प्रीगाबालिननं निम्म्याहून जास्त आराम पडला तो साधारण आठांतल्या एकाला, औषधच नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीनं ज्यांना आराम पडतो ते वगळून. अमिट्रिप्टिलिनच्या गटातल्या गोळ्यांनी साधारण चारांतल्या एकाला. म्हणून "लागू पडली नाही" यावर डॉक्टर बदलण्याआधी औषध बदलून पाहावं. डोस हळूहळू चढवतात, फरक कळायला काही आठवडे जातात. म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पडायची भीती असते, मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो, आणि काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन देताना जपावं लागतं. ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवते: ज्या डॉक्टरकडे महिन्या-दीड महिन्यानं परत जाता येईल, तोच खरा.

पेन क्लिनिक दुसऱ्या पायरीवर. तिथले डॉक्टर बहुतेक भूलतज्ज्ञ, त्यावर वेदनाशास्त्राचं शिक्षण घेतलेले. गोळ्या झेपत नसतील, किंवा दुखणं एका ठरावीक नसेचं असेल, तर ब्लॉक (नसेजवळ बधिर करणाऱ्या औषधाची सुई) किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईतून लहरी देऊन नस शांत करणं) असे उपाय ते करतात. पहिल्याच भेटीत सुई सुचवली तर मात्र कारण काय सापडलं हे विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर न विचारताही सांगा.

सरकारी की खासगी? एमवायच्या आवारालगतच्या सुपर स्पेशालिटीत न्यूरोलॉजी आणि न्यूरोसर्जरी दोन्ही आहेत, खर्च नाममात्र, पण पर्चा, रांग आणि दर वेळी नवा चेहरा यांची तयारी हवी. खासगीत तोच डॉक्टर पुन्हा भेटतो, हा मोठा फायदा. खिसा मात्र हलका होतो. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं 5 लाखांचं कवच आहे, पण ते भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी. ओपीडीची फी आणि महिन्याच्या गोळ्या घरूनच.

मुंबई केव्हा? चेहऱ्यावर वीज चमकल्यासारखी कळ, दात घासताना, घास चावताना, वारा लागला तरी: ही ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकते. तिची सुरुवात कार्बामाझेपिननं होते, ते इंदूरातही होतं. सोडियम आणि रक्ताची तपासणी मात्र करत राहावी लागते. एमआरआयमध्ये नसेवर रक्तवाहिनी दाबलेली दिसली, गोळ्या पुऱ्या पडेनात आणि शस्त्रक्रियेची वेळ आली, तर अशा शस्त्रक्रिया रोज करणारा हात शोधावा, मग तो इंदूरात मिळो की मुंबईत. त्याआधी भोपाळच्या एम्सचा पर्याय आहेच, सकाळी निघून संध्याकाळी परत. मधुमेह किंवा नागिणीच्या दुखण्यासाठी मुंबई मला पटत नाही. तिकडे लिहून देतील त्या गोळ्या इथेच मिळतात, आणि डोस चढवायला महिन्याला अवंतिकेचं तिकीट कोण काढणार?

तुलना करत बसूच नये अशी एक वेळ: पायातली ताकद अचानक गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, त्याच दिवशी.